पोट्टे मोठे झाले, बाप्पा!

ज्यांची मुलं लहान असतात त्या आईबापांना एकच चिंता असते, ही कार्टी मोठी कधी होणार. ज्यांची मोठी झाली त्यांनाही एकच चिंता असते, ती लहान का राहिली नाहीत. या दोन चिंतांच्या मध्ये काही वर्षं समाधानाची असतात म्हणे. आमची बहुधा दवाखान्याच्या रांगेत नाहीतर शाळेच्या फाटकासमोर, विसरलेला डबा हातात धरून उभे असताना निघून गेली.

त्यात आमचं गोंदिया. इतर गावांत मुलं मोठी झाली की नोकरीला लागतात, आमच्याकडे ती पुण्याला लागतात. सोयच तशी आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघते आणि 1300 किलोमीटरहून जास्त धावून कोल्हापूरला टेकते, वाटेत पुणं. ज्यांना मुंबईच पाहिजे त्यांच्यासाठी विदर्भ एक्स्प्रेस, तीही इथूनच सुटणारी. पोरं रवाना करायची एवढी जय्यत व्यवस्था उशाशी असताना ती घरात टिकावीत अशी आशा धरणाऱ्याचंच डोकं तपासायला हवं.

गाडी आपल्याच गावातून सुटते, याचा त्रास बाहेरच्यांना कळायचा नाही. मधल्या स्टेशनावरच्या आईबापांचं बरं असतं. गाडी दोन मिनिटं थांबते, आईचे डोळे भरून येतात न येतात तोच शिट्टी होते आणि सगळे मोकळे होतात. गोंदियात रिकामी गाडी आधीच येऊन फलाटाला लागते. मग आई डब्यात चढते. पदराने बर्थ पुसते. खिडकीची काच वरखाली करून बघते. चिन्नोरची पिशवी सीटखाली सरकवते.

“आई, पुण्यात तांदूळ मिळतो.”

“मिळतो. पण तो तांदूळ नव्हे.”

धानाच्या जिल्ह्यातल्या बाईपुढे हा विषय इथेच संपतो. मागच्या खेपेला हिने समोरच्या बर्थवरच्या सज्जन गृहस्थाला हात जोडून सांगितलं, “भाऊ, पोरगा एकटाच चालला. जरा लक्ष ठेवजा.” त्या माणसाने लगबगीने पाय वर घेतले, सरकून जागा केली आणि पोरगा कुठे दिसेना म्हणून सीटखाली वाकून पाहिलं. शेवटी दाढीवाला, कपाळ मागे सरकलेला, पस्तिशीचा आमचा थोरला हळूच म्हणाला, “काका, मीच तो.”

गाडी गेली की परतीच्या रिक्षात हिची टेप सुरू होते. “लहान होते तेव्हा किती छान होतं, नाही?”

या वाक्याला होकार द्यायचा असतो हे माहीत असूनही मला राहवत नाही. कारण मी तिथे होतो. थोरला पाळण्यात झोपत नसे, त्याला जुन्या लुगड्याची झोळीच लागे. आणि झोळी थांबली की आळी जागी होईल असा सूर लावत असे. म्हणून झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. मी पलंगावर पडून, ऑफिसच्या साहेबांना मनातल्या मनात उत्तरं देत, पाय हलवत असे. डुलकी लागली की पाय थांबे, पाय थांबला की सूर लागे, आणि सूर लागला की स्वयंपाकघरातून आवाज येई, “अहो, पाय!” रात्री लाइन गेली की एका हातात हातपंखा येई. त्याच अवस्थेत ही उसासा टाकून म्हणे, “कधी मोठा होते बाप्पा हा!” आज पोरगा पुण्यात दार लावून एसीत झोपतो आणि माझा पाय मात्र अजून रात्री आपोआप हलतो. डॉक्टरांना दाखवला. त्यांनी काहीतरी गोळ्या दिल्या. झोळीचा इतिहास मी सांगितला नाही, बिल वाढलं असतं.

पण हिच्या आठवणीत झोळी आहे, दोरी आहे, बाळ गालात हसतं आहे, अंगठा नाही. स्मरणशक्तीचं हे एक नवल आहे. त्रासाचा भाग तेवढा नेमका कापून टाकते आणि उरलेल्याला चौकट करून भिंतीवर टांगते.

मी या भानगडीत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असतो. आम्हा पुरुषांचं कसं रोखठोक असतं. फक्त मागच्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचा होता तेव्हा थोडी बाचाबाची झाली. मधल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत. शेजारी ‘थोरला 1995’, ‘धाकटी 1999’ वगैरे. रंगाऱ्याने ब्रश उचलला आणि मी आडवा झालो.

“एवढी पट्टी सोड.”

“काऊन जी, इथं पाणी मुरते का?”

“मुरत नाही. सोड.”

त्याने घरभर पिस्ता रंग दिला आणि हातभर रुंद मळकी पट्टी ठेवली. आता येणारा प्रत्येक पाहुणा त्या पट्टीकडे बघून ओल कुठून येते यावर सल्ला देतो. एकाने तर वरच्या टाकीचा पाइप बदलायला लावला.

त्या 1999 च्या रेघेची एक गंमत आहे. त्या वर्षी 1 मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आमची मुलं रात्री भंडारा जिल्ह्यात झोपली आणि सकाळी गोंदिया जिल्ह्यात उठली. थोरल्याने पहिला प्रश्न केला, “मग शाळेला सुटी?” महाराष्ट्र दिन असल्यामुळे ती आधीच होती, शिवाय उन्हाळ्याचीही चालू होती. एवढा अख्खा जिल्हा झाला पण सुटी एकही वाढली नाही, म्हणून तो दिवसभर फुगून बसला. सरकारवरचा त्याचा विश्वास तेव्हाच उडाला असावा.

त्याच्याही आधी, 1993 मध्ये, दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली यायचा. सगळ्या देशाच्या पोरांना तो आवडला, पण आमच्या पोराने त्याला घरचा माणूस मानलं आणि दोष माझाच, कारण मी कौतुकाने सांगितलं होतं की किपलिंगसाहेबाने 1894 मध्ये ‘जंगल बुक’ छापलं, त्यातली वैनगंगा ती आपलीच वैनगंगा. सिवनीच्या डोंगरांतून निघते, बालाघाटवरून खाली आपल्याकडे येते. झालं. पोरगा तेव्हापासून चड्डीवरच राहू लागला. एका लग्नात नवरदेवाकडची मंडळी जेवायला बसलेली असताना हा चड्डीवर मांडवाच्या खांबावर चढला. वरातीतल्या कुणीतरी कौतुकाने टाळ्या वाजवल्या, म्हणून तो उतरेना. मग हट्ट धरला, मोगलीकडे जायचं. तेव्हा गोंदियाहून बालाघाटकडे जबलपूरच्या वाटेला छोटी लाइन होती, अडीच फुटांची, आता ती मोठी झाली. त्या डुलणाऱ्या छोट्या गाडीत बसवून त्याला बालाघाटला नेला. वाटभर तो खिडकीत. मागे, दोन्ही हातांनी त्याची चड्डी घट्ट धरून, मी. मोगली कुठल्याच स्टेशनावर चढला नाही, याचा दोष अर्थातच मला मिळाला.

मला विचाराल तर मोगली कसा दिसायचा हे मला नीटसं ठाऊक नाही. ती मालिका चालू असताना मी गच्चीवर अँटेना धरून उभा असे. “आला?” “नाही!” “आता?” “आता शेरखान दोन दिसते!” एवढाच त्या मालिकेशी माझा संबंध.

वाघ दाखवायला मग नागझिऱ्याला नेलं. जंगलात सगळे श्वास रोखून बसलेले, वाटाड्याने ओठावर बोट ठेवलेलं, आणि नेमकी त्याच क्षणी धाकटी स्पष्ट आवाजात म्हणाली, “शू.” वाटाड्याला वाटलं, ही गप्प राहायला सांगते आहे. त्याने मान डोलावून शाबासकी दिली. पुढचं सांगत नाही. नवेगावबांधलाही तेच. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी म्हणून राहिले, पाखरांची आणि झाडांची ओळख करून घेतली, ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं. आमचा नवेगावबांधचा दिवस धाकटीसाठी आडोसा शोधण्यात गेला. तलाव चांगला आहे असं परतीच्या बसमध्ये एका अनोळखी प्रवाशाकडून कळलं.

आणि मंडई! दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, रात्री दंडार. एका मंडईत थोरला हरवला. आम्ही वेड्यासारखे शोधतो आहोत आणि एवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला, “गोंदियाहून आलेले एक बाबा हरवले आहेत हो! चष्मा आहे, डोक्यावर केस कमी आहेत, हातात लाल फुगा आहे. त्यांचा मुलगा मंचाजवळ आइसकांडी खाऊन राह्यला. ज्यांना हे बाबा दिसतील त्यांनी त्यांना मंचाकडे आणून द्यावं.” दोन स्वयंसेवकांनी मला दंडाला धरून मंचाजवळ नेलं. पोरगा माझ्याकडे बघून आयोजकांना म्हणाला, “हेच. पण फुगा फुटला.” नंतर त्याच्या आइसकांडीचे पैसेही माझ्याकडूनच घेतले, पुकाऱ्याचे वेगळे.

हे सगळं मी रिक्षात हिला आठवून देतो. ती डोळे पुसत म्हणते, “तेच तर म्हणते मी. किती छान होतं.”

एकदा आम्ही धानाच्या बांध्यांकडे सारस बघायला गेलो होतो. सारस पक्षी राज्यात मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरलेत, त्यामुळे पाहुणा आला की त्याला सारस दाखवणं आणि पाहुणा नसला की आपणच बघणं हा आमचा विरंगुळा. माणसाएवढी उंच जोडी, मध्ये तांबूस पिल्लू, तिघं धुऱ्याकडेने ऐटीत चाललेले.

ही म्हणाली, “बघा. ते नाही पाठवत पिल्लाला पुण्याला.”

मी म्हणालो, “पुढच्या विणीची वेळ आली की ते त्याला हाकलून लावतात. चोचीने.”

“तुम्हाला कोणी विचारलं?”

परतीचा प्रवास शांततेत झाला.

यात मुलांची साक्ष काढावी असं एकदा माझ्या मनात आलं. व्हिडिओ कॉलवर दोघंही होती. ही लाडात म्हणाली, “सांगा रे, लहानपणचं काय काय आठवते?” थोरला क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “भाजी नाही खाल्ली की बाबा मला मारबतीसोबत पाठवून देतो म्हणायचे.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रोगराई, इडापीडा घेऊन मारबत गावाबाहेर जाते, तिच्यासोबत आपणही जाणार या भीतीने तो म्हणे चौथीपर्यंत त्या दिवशी पलंगाखाली लपत असे. धाकटी म्हणाली, “माझ्या बैलाचं चाक कधीच दुरुस्त झालं नाही. दादाच्या बैलाला चारही चाकं धड होती.” झोळी आठवते का? नाही. बालाघाटची गाडी? कोणती गाडी? रात्र रात्र जागून घातलेला हातपंखा? त्यावर नेटवर्क गेलं. आम्ही आयुष्यभर जे जे केलं ते साफ विसरून, जे करायचं राहिलं तेवढंच त्यांनी नीट वहीत मांडून ठेवलेलं. हिने फोन ठेवला आणि तडक माळ्यावर चढली.

खाली आली ती धाकटीचा लाकडी बैल घेऊन. सागाचा. आमच्या वाढईने 1998 च्या तान्ह्या पोळ्याला करून दिलेला, डावीकडचं मागलं चाक तेव्हापासून लंगडं. सोबत थोरल्याचं इवलंसं धोतर, डांबरगोळ्यांच्या पिशवीत. “यंदा बैल निघणार,” तिने जाहीर केलं.

आता, तान्हा पोळा म्हणजे काय हे पुण्याकडच्यांना सांगावं लागतं. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली पोरं लाकडी बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, नंतर घरोघरी नेऊन बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैलाच्या नावावर पोराने खिशात घालायचे पैसे. नागपूरकर भोसल्यांनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. श्रावणभर गेडीवर खटखटत फिरलेल्या पोट्ट्यांचा हा मोठा सण. तेव्हा बैल काढायचा म्हणजे पोरगं पाहिजे. आमच्याकडची दोन्ही पुण्यात, पैकी एक दाढीवालं.

मग हिने खालच्या भाडेकरूंकडून चार वर्षांचा मुलगा संध्याकाळपुरता मागून आणला. त्याची आई एवढ्या झपाट्याने हो म्हणाली की तिथेच मला शंका यायला हवी होती. “काकू, सावकाश आणा परत. अजिबात घाई नाही.”

धोतर नेसवताना तो डांबरगोळ्यांनी शिंकू लागला तो थांबेना. शिंकत शिंकत त्याने बैलाला चकली भरवली, कान मोडला आणि मोडलेला कान आमच्या फिल्टरच्या टाकीत टाकला. मैदानावर पोचलो तर तिथे काय एकेक बैल! एकाच्या शिंगांवर रंगीत दिव्यांची माळ, एकाच्या पोटात स्पीकर, एका बैलाच्या गळ्यात घाटीच्या जागी पैसे पाठवायचा क्यूआर कोड. आमचा एककानी बैल त्या गर्दीत खरडत चाललेला. तोरणाजवळ आलो आणि पोराला पलीकडची गुपचुपची गाडी दिसली. त्याने दोरी माझ्या हातात दिली आणि गेला. ही त्याच्यामागे धावली. तेवढ्यात रांग पुढे सरकली, मागच्या पोरांनी ढकललं आणि मी, डोळ्यांवर चष्मा, हातात दोरी, थेट परीक्षकांपुढे.

माइकवरचा पोरगा हुशार होता. “आणि यानंतर आपल्यासमोर आहेत काका! वय विसरून स्वतः आपला बैल घेऊन आलेत. जोरदार टाळ्या!” कान नसल्यामुळे परीक्षकांना वाटलं, म्हाताऱ्या, जखमी बैलांविषयी काही सामाजिक संदेश आहे. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कंपासपेटी. फोटो काढताना एका परीक्षकाने माझा गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला आणि वेळीच मागे घेतला.

मग बोजारा. पोरगा प्रत्येक दारात दोरी माझ्या हातात देऊन स्वतः खिसा पुढे करत होता. आमच्याच दाराशी आलो तेव्हा हिने मोठ्या प्रेमाने बैलाला ओवाळलं, कुंकू लावलं, पोराच्या हातावर दहाची नोट ठेवली. त्याने ती उलटी करून बघितली. “सामनेवाले अंकल ने सौ दिया.” हिने माझ्याकडे पाहिलं. मी शंभर दिले. तो म्हणाला, “बैल का अलग.”

घरात आल्यावर त्याला भूक होती, पण भात नको होता. पोळी नको होती. घरी जायचं नव्हतं. झोपायचंही नव्हतं. दिवाणावर उड्या मारायच्या होत्या, आणि काका घोडा व्हायला हवे होते. पहिल्या फेरीतच काकांची कंबर धरली. हिने आडवं करून थोपटायला घेतलं तर तो रडू लागला. शेवटी तिने माळ्यावरची जुनी साडी काढून झोळी बांधली आणि दोरी घेऊन माझ्या पायाशी आली. मी काही बोललो नाही. अंगठा पुढे केला. पाय आपोआप चालू झाला; एवढ्या वर्षांचा सराव वाया गेला नव्हता. हातपंखा हिच्या हातात. घामाघूम झालेली, केस विस्कटलेली, साडीवर चिंचेच्या पाण्याचा डाग, आणि तिच्या तोंडून ते वाक्य, एवढ्या वर्षांनी, शब्दही न बदलता बाहेर पडलं, “कधी मोठा होते बाप्पा हा!”

नऊच्या सुमाराला त्याची आई आली. पार्लरमध्ये जाऊन आलेली, ताजीतवानी. झोपलेलं पोर तिच्या खांद्यावर गेलं, खिशातली नाणी जिन्यावर सांडत सांडत. आम्ही दोघं सोफ्यावर पडलो. मी कंबरेला बाम लावत होतो. हिने तेवढ्यात धाकटीला फोन लावलाही होता.

“अगं, काय सांगू! इतकं गुणी पोरगं. एकदासुद्धा रडला नाही. तुझा बैल नेला, बक्षीस मिळालं! चाक? चाक अगदी छान चाललं. किती मजा आली सांगू. सगळं अगदी तुमच्या लहानपणीसारखं.”

मी बामाची बाटली हातात धरून ऐकत होतो. जेमतेम अर्धा तास झाला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात खालची बाई, कडेवर तोच गुणी मुलगा, हातात दुधाची बाटली आणि कपड्यांची भली मोठी पिशवी. “काकू, कालपासून तुमचंच नाव घेते आहे. आजचा दिवस ठेवू का? मला नागपूरला जायचं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत येतेच.”

“अगं, ठेव ना! विचारतेस काय? आपलंच घर आहे,” ही तोंडभरून हसत म्हणाली, आणि मग मान वळवून माझ्याकडे जरबेने बघत, “अहो, पण आपल्याला आज आमगावला जायचं होतं ना? ते… तुमच्या त्या… कुणाकडे हो?”

“मावशीकडे,” मी म्हणालो. “बारसं आहे.”

“मावशीकडे?” खालची बाई म्हणाली. “बारसं?”

“मावशीच्या नातीचं,” ही म्हणाली, आणि आम्ही चपला घालायला लागलो.